थोडंफार येतं!

मुलांनो, वर्गात नवीन मुलगा आला की आम्ही शिक्षक काय करतो? त्याला फळ्याजवळ उभं करतो आणि म्हणतो, "नाव सांग, गाव सांग, आवड सांग." तो बिचारा पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत नाव सांगतो, गाव सांगतो, आणि आवड विचारली की म्हणतो, "वाचन." झाली ओळख! डी.एड.ला असताना पहिल्याच दिवशी आमचाही असाच परिचयाचा तास झाला होता. वर्गात आम्ही चाळीस जण होतो आणि चाळिसांचीही आवड वाचन होती. पुढच्या दोन वर्षांत ग्रंथालयात त्यातले किती दिसले, ते मात्र विचारू नका.

हे आठवायचं कारण असं, की गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी शिडाची होडी चालवायला शिकायला गेले होते.

हसू नका बरं का. हसण्यासारखं आहे, हे मला माहीत आहे. मी केदारखेड्याला शिकवते. जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात. जालन्याहून भोकरदनच्या एसटीत बसलात की आधी राजूरचा गणपती लागतो आणि मग आमचं गाव. आमच्याकडे समुद्र नाही. पूर्णा नदी आहे. ती पावसाळ्यात कधी दोन-चार दिवस रागावते आणि उन्हाळ्यात अशी आटते, की नदी कुठे गेली म्हणून शोधावं लागतं. शीड हा शब्द आमच्या पोरांनी पुस्तकातच पाहिलेला. पण गोव्यातल्या एका क्लबाने प्राथमिक शिक्षकांसाठी पाच दिवसांचा वर्ग ठेवला होता. (क्लबाचं नाव सांगत नाही, फुकटची जाहिरात होईल.) सूचना वाचली आणि फार विचार न करता मी अर्ज भरून टाकला. घरी सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, होडीत बसायला इतकं लांब कशाला जायचं? पूर्णेला पूर येऊ दे की!"

अर्जात एक प्रश्न होता : पोहता येते का? पुढे तीन चौकोन. होय, नाही, थोडेफार. मी 'थोडेफार'वर खूण केली. त्या खुणेकडे आपण नंतर येऊ.

महिनाभर आधी तिथल्या शिक्षकांचा फोन आला. म्हणाले, "एका होडीत चौघे शिकणार आणि पाचवा मी. तुमच्या होडीतले बाकी तिघे कोण, ते आत्ताच ओळखून घ्या. मी ओळख करून देणार नाही." त्यांनी आम्हा चौघांचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक गट करून दिला आणि स्वतः गप्प बसले.

मग झाला आमचा परिचयाचा तास. एक होत्या चिपळूणच्या बाई, निवृत्तीला आलेल्या. दुसरे लातूर जिल्ह्यातले, औसा तालुक्यातले सर. तिसरे वर्ध्याचे, नुकतेच नोकरीला लागलेले तरुण सर. आणि चौथी मी. नाव, गाव, शाळा, किती वर्षं नोकरी झाली. आवड काय होती, हे मी सांगायला नकोच! पुढचे आठ दिवस सगळ्यांनी सकाळी फुलांची चित्रं पाठवली आणि रात्री चांदण्यांची. कोणाची पदवी कोणती, हे मला पाठ झालं. माणसं मात्र एकही कळली नव्हती.

त्याच आठवड्यात मी चौथीच्या वर्गाला 'तारिणी'ची गोष्ट सांगत होते. तुम्हाला माहीत नसेल तर थोडक्यात सांगते. १० सप्टेंबर २०१७ रोजी आपल्या नौदलातल्या सहा महिला अधिकारी 'तारिणी' नावाच्या शिडाच्या नौकेतून गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीला प्रदक्षिणा घालून २१ मे २०१८ रोजी गोव्यालाच परतल्या. नौकेची लांबी साधारण १७ मीटर. म्हणजे आमच्या शाळेच्या दोन वर्गखोल्या आणि वर थोडा व्हरांडा! तेवढ्यात सहा जणींचं स्वयंपाकघर, झोपायची जागा, दवाखाना, सगळं. अंतर २१,६०० सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर; करा गुणाकार. एकूण २५४ दिवसांपैकी १९९ दिवस त्या समुद्रावरच होत्या. वर्तिका जोशी कप्तान. त्या ऋषिकेशच्या. प्रतिभा जामवाल कुलूच्या, पायल गुप्ता डेहराडूनच्या, विजया देवी मणिपूरच्या, ऐश्वर्या बोड्डपाटी हैदराबादच्या आणि स्वाती विशाखापट्टणमच्या. आता नकाशा उघडा आणि बघा, सहा जणींपैकी समुद्रकाठची एकटी स्वाती! बाकीच्या तुमच्या-आमच्यासारख्याच, काही तर थेट डोंगरातल्या.

एका पोराने लगेच हात वर केला. "बाई, इतके दिवस एका होडीत? भांडल्या नसतील का हो त्या?"

प्रश्न खरा होता. आमच्या वर्गात तीन जण एका बाकावर बसतात आणि मधल्या सुट्टीपर्यंत दप्तराच्या जागेवरून दोन भांडणं होतात. मी सांगितलं, की त्या काही एकदम उठून निघाल्या नव्हत्या. कॅप्टन दिलीप दोंदे हे त्यांचे गुरू. शिडाच्या नौकेतून एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले आणि १९ मे २०१० रोजी परत आले. 'तारिणी'च्या चमूने त्यांच्याच 'म्हादेई' नौकेवर सराव केला. २०१६ मध्ये हा चमू मॉरिशसला जाऊन आला, केपटाऊनपर्यंत गेला. एकत्र स्वयंपाक केला, एकत्र ओकाऱ्या काढल्या (समुद्र लागतो तेव्हा मोठमोठ्या अधिकाऱ्यांनाही लागतो), पाळीपाळीने रात्री जागल्या. जगाच्या प्रदक्षिणेला निघाल्या तेव्हा दमल्यावर कोण कशी वागते, हे एकमेकींना चांगलं ठाऊक झालेलं होतं.

"मग बाई, तुमच्या होडीतले लोक दमल्यावर कसे वागतात?" त्याच पोराचा पुढचा प्रश्न.

मला काही सांगता येईना. तेव्हा वर्गानेच ठरवलं, की बाईंच्या होडीतल्या लोकांना प्रश्न विचारायचे. फळा भरून गेला. राग आल्यावर तुम्ही काय करता? डबा वाटून खाता का? रात्री घोरता का? हरल्यावर रडता का? चूक झाली की दुसऱ्याचं नाव सांगता का? (हा प्रश्न कोणाला उद्देशून होता, ते वर्गातल्या सर्वांना कळलं आणि सगळे एकाच बाकाकडे बघू लागले.) सर्वात शेवटी दुसऱ्या ओळीतल्या एका मुलीने हात वर केला. ही वर्षभरात फारशी बोललेली नाही. म्हणाली, "तुम्हाला कशाची भीती वाटते, असं इचारा."

सगळे प्रश्न तसेच्या तसे मी गटावर पाठवले. पाठवल्यावर वाटलं, आपण फार आगाऊपणा केला. दोन दिवस गटावर फुलंसुद्धा आली नाहीत.

तिसऱ्या दिवसापासून उत्तरं यायला लागली. वर्ध्याच्या सरांनी आवाज रेकॉर्ड करून पाठवला होता. तो मी वर्गात ऐकवला. "मुलांनो, मी घोरतो. डबा वाटून खातो, पण लोणचं देत नाही. आणि एक सांगून ठेवतो, मी घाबरलो की हसतो. आपोआप हसू येते. लहानपणी यासाठी पुष्कळ मार खाल्ला. तर मी हसलो म्हणजे चेष्टा करतो असं समजू नका." पोरं खूश!

चिपळूणच्या बाईंनी शाळेच्या पत्त्यावर चक्क पोस्टकार्ड धाडलं. वर्गातल्या निम्म्या मुलांनी पोस्टकार्ड पहिल्यांदाच हातात धरलं. अक्षर असं सुंदर, की मला माझ्या फळ्यावरच्या अक्षराची लाज वाटली. त्यांनी लिहिलं होतं, की पाण्याशी त्यांची जुनी ओळख आहे. २२ जुलै २०२१ च्या महापुरात वाशिष्ठी त्यांच्या घरात शिरली तेव्हा सगळं घर त्यांनी माळ्यावर चढवलं होतं. भीती अशी काही नाही. "पण माझ्या डाव्या कानाला ऐकू येत नाही. हे मी शाळेतही फारसं कोणाला सांगत नाही. हाक मारायची ती उजवीकडून मारा. मी उत्तर दिलं नाही तर शिष्ट समजू नका."

आणि मग औशाकडच्या सरांचं पत्र आलं. हे मी वर्गात वाचावं की नाही, याचा एक रात्र विचार केला. शेवटी वाचलं. सर किल्लारीच्या परिसरातले. ३० सप्टेंबर १९९३ ला ते चौथीत होते. आदल्या दिवशी गणपती बोळवून गाव दमून झोपलं होतं आणि पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. त्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) या दोन जिल्ह्यांत मिळून जवळपास दहा हजार माणसं गेली. तुमच्या आईबाबांना विचारा, त्यांना आठवत असेल. सरांनी घरातलं कोण गेलं, ते लिहिलं नव्हतं. एवढंच लिहिलं होतं : "पायाखालची जमीन हलली की मी अजून दगड होतो. ट्रक गेला आणि खिडकी थरथरली, तरी होतो. होडी तर हलणारच. पण मला ते एकदा करून बघायचं आहे, म्हणून मी नाव दिलं. मी मध्येच गप्प झालो, तर थोडं थांबा. ओरडू नका. मी परत येतो."

वर्ग शांत झाला. आणि त्या शांततेत दुसऱ्या ओळीतली ती मुलगी म्हणाली, "बाई, तुम्ही काय लिवलं?"

मी काय लिहिलं होतं? मी लिहिलं होतं, "मला एसटीत घाट लागतो." बस! आणि ते खोटंही नव्हतं. मी तसं वर्गाला सांगितलं. ती मुलगी थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "सहलीला नदीवर गेल्तो तवा तुम्ही पाण्यात आल्या नव्हत्या. पायरीवर बसून आमच्या चपला सांभाळत होत्या."

आता त्या 'थोडेफार'कडे येते.

मला पोहता येत नाही. थोडंफार नाही, काहीच येत नाही. आमच्या मळ्यात मोठी विहीर आहे. माझे दोघे भाऊ त्या विहिरीत पोहायला शिकले. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून वडील त्यांना पाण्यात ढकलायचे आणि वरून ओरडायचे, "पाय हलव!" मी काठावर बसून भावांचे कपडे सांभाळायचे. मला कोणी नको म्हटलं नाही. कोणी ये असंही म्हटलं नाही. विचारायचं असतं, हे मलाही कधी सुचलं नाही. पोरींनी कपडे सांभाळायचे असतात, असंच वाटायचं. पुढे मोठेपणी कोणी विचारलं की मी "थोडंफार येतं" म्हणायला लागले. इतक्या वेळा म्हटलं, की ते मलाही खरं वाटू लागलं होतं. आणि अर्जात 'नाही'वर खूण केली तर आपल्याला घेणार नाहीत, ही धास्ती होतीच.

त्या दिवशी वर्गात मी खरं बोलले का? नाही. "चला, गणिताची वही काढा," म्हटलं. हे लिहिताना आजही बरं वाटत नाही.

रात्री भांडी आवरल्यावर गोव्याच्या सरांना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता हे म्हणतील, येऊ नका. ते म्हणाले, "पोहता न येणारे पुष्कळ जण येतात. लाइफ जॅकेट सगळ्यांनाच घालावं लागतं, मलासुद्धा. पण ताई, होडी कलंडली आणि चौघेही पाण्यात पडलात, तर मी आधी कोणाकडे बघायचं, हे मला तुमच्या अर्जावरून ठरवायचं असतं. तुमच्या अर्जावरून मी दुसऱ्याच कोणाकडे गेलो असतो."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ ओट्याला टेकून उभी होते. मग गटावर लिहिलं : मला पोहता येत नाही, मी अर्जात खोटं लिहिलं. पाच मिनिटं काही नाही. मग वर्ध्याच्या सरांचा निरोप आला. आधी नुसतं हसू, मग एक वाक्य : "ताई, मीपण थोडेफारवालाच!"

म्हणजे चौघांपैकी दोघे! चिपळूणच्या बाईंनी लगेच लिहिलं, "बरं झालं कळलं. एकेक मी धरीन, दुसरा सरांनी धरावा."

जालन्याहून मुंबई, मुंबईहून कोकण रेल्वेने मडगाव. फलाटावर चौघे पहिल्यांदा समोरासमोर भेटलो. मी चालत जाऊन बाईंच्या उजव्या बाजूला उभी राहिले आणि मग नमस्कार केला. त्यांनी माझा हात धरला तो सोडलाच नाही.

पहिल्याच सकाळी पाण्यात उडी मारायची होती, लाइफ जॅकेट घालून, काठाजवळच. पडल्यावर जॅकेट आपल्याला वर धरतं, याची खात्री पटावी म्हणून. बाई टुणकन गेल्या. सर गेले. मी लाकडी धक्क्यावर अकरा मिनिटं उभी होते. वर्ध्याच्या सरांनी घड्याळ लावून मोजली. आणि तो सबंध वेळ ते माझ्याशेजारी उभे राहून खदाखदा हसत होते. दुसरं कोणी असतं तर मी रडले असते, नाहीतर भांडले असते. पण मला माहीत होतं ना, हा मुलगा घाबरलाय! मी त्यांचा हात धरला आणि आम्ही दोघांनी एकदमच उडी घेतली. नाकातोंडात खारं पाणी गेलं. वर आले तेव्हा कोणीतरी मला मागून गळपट्टीला धरलेलं होतं. बाईच!

आता शिडाच्या होडीची एक गंमत सांगते. वारा ज्या दिशेने येतो, त्या दिशेला ती सरळ जाऊच शकत नाही. घाटातल्या रस्त्यासारखी नागमोडी जाते : थोडी डावीकडे, मग वळून थोडी उजवीकडे. प्रत्येक वळणाला शीड एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातं आणि शिडाखालची आडवी काठी सपकन डोक्यावरून फिरते. वाकला नाहीत तर टेंगूळ ठरलेलं, कधी त्याहून वाईटही. होडी दुसऱ्या अंगाला कलते, म्हणून सगळ्यांनी बाजू बदलायची असते. त्यामुळे सुकाणूवरचा माणूस आधी ओरडतो, "तयार?" प्रत्येकाने "तयार" म्हणायचं. एकाचंही उत्तर आलं नाही, तर वळायचं नाही.

सुकाणू बाईंकडे होतं. त्या मागे बसायच्या, आम्ही पुढे. होडीच्या उजव्या अंगाला बसल्या की त्यांचा उजवा कान आमच्याकडे, सगळं छान ऐकू यायचं. पण वळलो की त्या डाव्या अंगाला जायच्या आणि डावा कान आमच्याकडे यायचा! पहिल्या दिवशी हे लक्षात आलं आणि आम्ही ठरवलं, की बाई डावीकडे असल्या की तोंडाने बोलायचं नाही, हात वर करायचा. अगदी वर्गातल्यासारखा. हे त्या पोस्टकार्डावर लिहिलेलं नसतं, तर बाई ऐकत नाहीत म्हणून आम्ही तिघे पाच दिवस कुरकुरत बसलो असतो.

तिसऱ्या दिवशी वारा वाढला. होडी अशी कलली, की एका काठावरून पाणी आत आलं. बाई डावीकडे होत्या. "तयार?" मी हात वर केला. वर्ध्याच्या सरांनी केला. औशाच्या सरांचा हात वर आला नाही. ते दोर धरून बसले होते, डोळे उघडे, पण ते तिथे नव्हते.

बाईंनी होडी वळवली नाही. होती तशीच पुढे नेली. किनारा जवळ येत होता, खडक स्पष्ट दिसायला लागले होते. आमचे शिक्षक बाईंच्या पलीकडे बसले होते, तेही काही बोलले नाहीत. फक्त त्यांचा हात सुकाणूजवळ सरकलेला मी पाहिला. कोणी ओरडलं नाही. मी मनात आकडे मोजत होते. एकोणीसपर्यंत आले आणि सरांनी मान हलवली, आमच्याकडे पाहिलं आणि हात वर केला. बाईंनी होडी वळवली.

संध्याकाळी चहा पिताना सर एवढंच म्हणाले, "आलो ना परत?" वर्ध्याच्या सरांनी त्या दिवशी त्यांना लोणचं दिलं.

शेवटच्या दिवशी दहा मिनिटं सुकाणू माझ्या हातात होतं. त्याबद्दल काय सांगू? होडी मी म्हणेन तशी जात नव्हती, थोडी मागून ऐकत होती. वर्गासारखीच! तेव्हा गोव्याच्या सरांनी सांगितलं, की २ ऑक्टोबर २०२४ ला याच किनाऱ्यावरून 'तारिणी' पुन्हा निघाली होती आणि २९ मे २०२५ ला जगप्रदक्षिणा करून परत आली. त्या वेळी सहा नव्हत्या, दोघीच होत्या : दिलना आणि रूपा. एक झोपायची तेव्हा दुसरी जागी, आठ महिने. चौघांत "तयार?" विचारायला मला घसा कोरडा करावा लागत होता.

सुट्टी संपल्यावर वर्गात गेले. पोरांना सगळी हकीकत हवी होती. ती सांगितली, अकरा मिनिटांसकट. मग म्हणाले, "मला पोहता येत नाही. त्या दिवशी मी तुम्हाला सांगितलं नाही." दुसऱ्या ओळीतली मुलगी म्हणाली, "मला बी नाही येत." मग तिच्या शेजारची म्हणाली. मग मागची. मुलींच्या रांगेत हातच हात वर! मुलांच्या रांगेतही तीन. त्यातल्या एकाने तर सगळ्या वर्गाला कालपर्यंत आपण पूर्णा पार करतो म्हणून सांगितलं होतं.

आता दर रविवारी मी माहेरी जाते. विहिरीला अजून दोन परस पाणी आहे. सहावीतला भाचा मला शिकवतो. माझा भाऊ दोर धरून काठावर उभा असतो. त्याशिवाय आम्ही कोणी पाण्यात उतरत नाही, आणि तुम्हीही मोठं माणूस काठावर असल्याशिवाय उतरू नका. तेलाच्या डब्याऐवजी आता पाठीला प्लॅस्टिकचा कॅन असतो. भाचा अगदी आजोबांच्या आवाजात ओरडतो, "आत्या, पाय हलव!" माझे कपडे पायरीवर वहिनी सांभाळते. पुढच्या रविवारी तीही उतरणार आहे म्हणे.

परवा भाच्याने विचारलं, "आत्या, आज कॅन सोडू का?"

"नको," मी म्हटलं. "तयार झाले की सांगते."